लिहून कोण घेणार?

बाईनं केलेली सगळ्यात छोटी कविता कोणती, असं कुणी विचारलं तर आम्ही सांगू, उखाणा. दोन ओळी, जुळलेलं यमक आणि मध्ये नवऱ्याचं नाव. हळदीकुंकवाला, बारशाला, लग्नात घास भरवताना तो घ्यावाच लागतो. कुणी पाठ केलेला घेते, कुणी उभ्या उभ्या नवा रचते आणि सगळ्या बाया हसतात. त्यात नवऱ्याचं नाव असतं, कधी सासूचं असतं, कधी सासरच्या गावाचं असतं. रचणारीचं मात्र नसतं. रचली तिनं, ऐकवली तिनं, आणि नाव घ्यायची वेळ आली की तीच बाहेर.

आज आपण बोलणार आहोत ते याच गोष्टीबद्दल. बाईची कविता तिच्या तोंडातून कागदावर कशी आली, कागदावरून छापखान्यात कशी गेली, आणि तिच्याबरोबर तिचं नाव गेलं की मागेच राहिलं. हातातलं काम चालू ठेवा, कान तेवढा इकडे द्या.

जुन्या संतांना नावाची ही अडचण ठाऊक होती. म्हणून अभंगाच्या शेवटी आपलं नाव ओळीतच गुंफायची रीत होती. तिला नाममुद्रा म्हणतात. छापील पुस्तक नव्हतं, मुखपृष्ठ नव्हतं, अभंग एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जायचा. नाव ओळीतच बांधलेलं असलं की गाणाऱ्याला ते वगळता येत नाही. वगळलं तर चाल मोडते. मोठी हुशारीची युक्ती होती ती.

जनाबाई गंगाखेडची. लहानपणीच पंढरपूरला नामदेवांच्या घरी कामाला राहिली. दळण, कांडण, झाडलोट, शेणी, पाणी. तिच्या नावावरचे तीनशेहून जास्त अभंग आज छापील गाथांमध्ये आहेत. पण तिची नाममुद्रा पाहा. ती स्वतःला नामदेवांची दासी म्हणवते. चोखोबांच्या घरची सोयराबाई तशीच, स्वतःची ओळख चोखोबांच्या नावानं सांगते. भक्तीत 'दासी' या शब्दाला मान आहे हे आम्हाला कळतं. तरी सांगावंसं वाटतं, की बाईचं नाव कवितेत आलं ते दुसऱ्याच्या नावाचं बोट धरून आलं.

आता लिहून घेण्याची गोष्ट. कोणत्या संताचं बोलणं कुणी लिहून घेतलं, याचीही आठवण वारकऱ्यांनी जपली आहे. ज्ञानेश्वरी नेवाशाला सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतली. चोखोबांचे अभंग अनंतभट्टांनी लिहिले असं सांगतात. आणि जनीचे? जनीचे अभंग साक्षात पांडुरंग लिहायला बसायचा म्हणे. लहानपणापासून आपण ही गोष्ट ऐकतो आणि हात जोडतो. हात जोडलेलेच असू देत. पण एवढं लक्षात घ्या, की बाकीच्यांना लिहून घ्यायला माणसं मिळाली. घरकाम करणाऱ्या जनीपाशी कागद-दौत घेऊन बसेल असं माणूस लोकांच्या डोळ्यांपुढे येईना, म्हणून देवालाच खाली यावं लागलं.

जनीच्याही आधीची एक कवयित्री आहे. महदाइसा, काही जण महदंबा म्हणतात. महानुभाव पंथातली, चक्रधरस्वामींची शिष्या. तेराव्या शतकात अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला गोविंदप्रभूंच्या लग्नाचा सोहळा करायचं ठरलं, त्या वेळी तिनं धवळे गायले. धवळे म्हणजे लग्नातली गाणी. कृष्ण-रुक्मिणीच्या लग्नाची गोष्ट तिनं त्यात सांगितली. मराठीतली पहिली कवयित्री म्हणून अभ्यासक तिचंच नाव घेतात. आम्हाला यातली एक गोष्ट फार आवडते. मराठीतल्या बाईची जपून राहिलेली पहिली मोठी कविता म्हणजे लग्नघरात म्हटलेलं गाणं! तिच्या पंथानं ते पोथीत उतरवलं. महानुभावांच्या पोथ्या पुढे सांकेतिक लिपीत लिहिल्या जात, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अभ्यासकांना त्या लिपीची किल्ली सापडली, तेव्हा कुठे हे सारं धन बाहेरच्या मराठी माणसांना वाचता आलं. म्हणजे लिहिलेलं टिकतं, मग ते उघडायला सहाशे वर्षं का लागेनात.

न लिहिलेल्याचं काय होतं, तेही बघू.

जात्यावरची ओवी तुमच्यातल्या जुन्या बायांना माहीत आहे. पहाटे उठून दोघी जणी समोरासमोर बसायच्या, खुंटा धरायच्या, एकीनं ओळ टाकली की दुसरीनं उचलायची. भावाची ओवी, माहेराची, लेकीची, विठ्ठलाची, सासरच्या जाचाची. दिवसा जे बोलायची सोय नव्हती ते जात्याच्या घरघरीत बोललं जायचं, कारण ओसरीवर झोपलेल्याला शब्द नीट कळत नसत. कविता दुसरीला ऐकवण्याची ती पहिली जागा होती. टाळी नाही, बक्षीस नाही. चांगली ओवी असली की समोरची ती पाठ करायची आणि पुढे आपल्या लेकीला द्यायची. एवढीच तिची प्रसिद्धी, आणि ती काही लहान नव्हे.

मग गावोगाव पिठाच्या गिरण्या आल्या. बाईचे हात सुटले, कंबर सुटली. त्याबद्दल आम्ही तरी गिरणीला दोष देणार नाही. पहाटे दोन पायली दळून मग शेतावर जायचं म्हणजे काय, हे ज्यांनी केलं त्यांना विचारा. पण जातं थांबलं तशी ओवी थांबली. ती दुसऱ्या कुठल्या कामाला जोडलेली नव्हती. पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉयटवँ या दोघांनी हे ओळखलं आणि गावातल्याच कार्यकर्त्या बायांना बरोबर घेऊन त्यांनी ओव्या गोळा करायला सुरुवात केली. गाव, गाणारीचं नाव आणि तिची ओवी अशी नोंद. एक लाखाहून जास्त ओव्या त्यांनी जमवल्या. बीड जिल्ह्यातल्या माजलगावात भीमनगरच्या बायांनी बाबासाहेबांवर म्हटलेल्या ओव्याही १९९६ साली ध्वनिमुद्रित झाल्या. देवाच्या जागी बाबासाहेब आले, चाल तीच राहिली. ओवी किती जिवंत असते, याचा याहून चांगला दाखला आमच्यापाशी नाही.

लाखभर ओव्या वाचल्या. वाहून किती गेल्या, त्याचं माप काढणार कशानं?

आता छापखान्याकडे येऊ. पुण्यात सावित्रीबाई फुल्यांनी १८५४ साली 'काव्यफुले' नावाचा कवितासंग्रह छापला. त्यांचा जन्म ३ जानेवारी १८३१चा, सातारा जिल्ह्यातल्या नायगावचा. म्हणजे संग्रह निघाला तेव्हा त्यांचं वय तेवीस. लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना अक्षरओळख नव्हती, जोतीरावांकडे शिकल्या. १८४८ साली मुलींची शाळा सुरू झाली. आणि त्यानंतर सहाच वर्षांत स्वतःच्या नावावर पुस्तक! शाळेच्या वाटेवर अंगावर शेण-चिखल झेलणारी बाई घरी येऊन कविता लिहीत होती, हे आपल्याला सहसा कुणी सांगत नाही. आपण त्यांचं जास्तीचं लुगडं लक्षात ठेवतो, वही विसरतो.

काय आहे त्या पुस्तकात? फुलांवर आणि सृष्टीवर कविता आहेत. छत्रपती शिवाजी महाराजांवर, ताराराणीवर आहेत. शूद्र-अतिशूद्रांनी शिकावं, इंग्रजी शिकावं, हे कळकळीनं सांगणाऱ्या आहेत. जोतीरावांबद्दलचा जिव्हाळा आहे. काही कविता सरळ शिकवणीच्या वळणाच्या आहेत, शाळेतल्या बाई बोलतात तशा. काव्य म्हणून सगळ्याच सारख्या उतरल्या आहेत असं आम्ही म्हणणार नाही. तेवीस वर्षांच्या नव्या कवीचं पहिलं पुस्तक तसंच असतं. पण काळ बघा. ज्यांना आधुनिक मराठी कवितेचे जनक म्हणतात ते केशवसुत जन्मले १८६६ साली. सावित्रीबाईंचं पुस्तक त्यांच्या जन्माआधी बारा वर्षं छापून झालं होतं. शाळेच्या क्रमिक पुस्तकात आधुनिक कवितेची सुरुवात कुणापासून सांगतात, ते एकदा आपापल्या मुलांना विचारून पाहा.

पुढच्याच वर्षी, १८५५ साली, फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या चौदा वर्षांच्या मुक्ता साळवेचा निबंध 'ज्ञानोदय' पत्रात छापून आला. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा तो निबंध. तो गद्य आहे, कविता नव्हे, पण इथे सांगायला हवा. कारण सावित्रीबाई स्वतः लिहून थांबल्या नाहीत. ज्यांच्या घरात अक्षर कधी शिरलं नव्हतं त्या मुली लिहू लागल्या, त्यांचं लिहिलेलं छापलं गेलं आणि खाली त्यांचं नाव आलं.

जोतीराव १८९० साली गेले. त्यानंतर सावित्रीबाईंनी 'बावनकशी सुबोध रत्नाकर' हे जोतीरावांचं चरित्र कवितेत लिहिलं. दोन पुस्तकांच्या मध्ये जवळजवळ चाळीस वर्षं गेली. शाळा, अनाथ बाळांना आसरा, दुष्काळातली अन्नछत्रं, यात ती वर्षं गेली. १० मार्च १८९७ रोजी प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता त्या गेल्या.

त्यांच्या पुस्तकांचं पुढे काय झालं? मराठी कवितेच्या इतिहासात त्यांना बरीच वर्षं जागा मिळाली नाही. कवितांची चर्चा व्हायची तिथं त्यांचं नाव निघत नसे. मा. गो. माळी यांनी संपादन केलेलं 'सावित्रीबाई फुले समग्र वाङ्मय' महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळानं १९८८ साली काढलं. १८५४ ते १९८८, म्हणजे एकशे चौतीस वर्षं. छापून आलं की काम झालं, असं आपल्याला वाटतं. तसं होत नाही. छापलेलं पुस्तकही कुणीतरी पुन्हा पुन्हा उचलावं लागतं.

आता जरा खानदेशात जाऊ.

'बहिणाबाई' म्हटलं की दोन जणी आठवतात. एक सतराव्या शतकातल्या, वैजापूर तालुक्यातल्या शिऊरच्या संत बहिणाबाई, तुकोबांना गुरू मानणाऱ्या. त्यांनी स्वतःची जीवनकथाच अभंगांतून सांगितली. आपण बोलतोय त्या दुसऱ्या, बहिणाबाई चौधरी. जळगावजवळच्या असोद्याच्या महाजनांची लेक. १८८० सालच्या नागपंचमीचा जन्म. तेराव्या वर्षी लग्न होऊन जळगावच्या चौधरी वाड्यात आल्या. तिशीत नवरा गेला. पदरात ओंकार, काशी आणि सोपानदेव ही तीन मुलं. वाटण्या, भाऊबंदकी, शेती, सगळं त्यांनी निभावलं. लिहिता-वाचता येत नव्हतं.

आणि गाणी येत होती. पेरणी करताना, मळणी करताना, जात्यावर, चुलीपुढे. बोली त्यांची लेवा पाटीदारांची, घरात बोलायची तीच. गाणी त्या जपून ठेवत नव्हत्या, म्हणत होत्या. शेजारणींनी ऐकली असतील, मजुरणींनी ऐकली असतील. म्हणजे आपण आज ज्याला कविता 'सादर करणं' म्हणतो, ते त्यांनी रोज केलं, शेताच्या बांधावर. प्रसिद्धीची अडचण ऐकणारं नसल्यामुळे नव्हती. उतरवून घेणारं नव्हतं, ही अडचण होती.

सोपानदेव शिकले, पुढे स्वतः कवी झाले. त्यांच्या लहानपणची एक आठवण सांगतात. शाळेच्या पुस्तकातली सावित्री-सत्यवानाची गोष्ट त्यांनी आईला वाचून दाखवली, आणि सकाळी उठून पाहतात तर आईनं त्याच गोष्टीचं गाणं रचलेलं! तेव्हा त्यांना पहिल्यांदा उमगलं, की आपल्या आईपाशी काय आहे. मग त्यांनी आणि त्यांचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी जमतील तशी गाणी टिपायला सुरुवात केली. जमतील तशी, हे शब्द महत्त्वाचे. बाई काही वही उघडून बसत नव्हती. ती कामात असायची, गाणं यायचं, जवळ मुलगा किंवा भाचा असला तर कागदावर उतरायचं. नसला तर वाऱ्यावर गेलं.

३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई गेल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली. अत्रे तेव्हाचे मोठे लेखक, नाटककार, पत्रकार. सोपानदेवांना म्हणे संकोच वाटत होता. अडाणी आईची गावंढळ भाषेतली गाणी, मोठ्या माणसापुढे कशी ठेवायची? अत्र्यांनी वाचली आणि हे महाराष्ट्रापासून लपवून ठेवणं बरोबर नाही, असं त्यांना बजावलं. १९५२ साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह 'बहिणाबाईंची गाणी' हे पुस्तक निघालं. १९६१च्या 'मानिनी' चित्रपटात ती गाणी वाजली, शाळेच्या पुस्तकात आली, आणि जळगावच्या विद्यापीठाला २०१८ साली कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचं नाव मिळालं. ज्या बाईला सही करता येत नव्हती तिचं नाव आता पोरापोरींच्या पदवीच्या कागदावर छापलेलं असतं.

ऐकायला किती छान वाटतं ना? आम्हीही पूर्वी ही गोष्ट इथपर्यंतच सांगायचो. पण तारखा परत बघा. बाई गेल्या १९५१च्या डिसेंबरात, पुस्तक आलं १९५२ला. आपलं पुस्तक त्यांनी हातात घेतलं नाही. कुणी आपली कविता पाठ म्हणतंय, हे ऐकायला त्या नव्हत्या. आणि सत्तर वर्षांच्या आयुष्यातली जी गाणी आपल्यापर्यंत पोचली ती एका लहानशा पुस्तकात मावतात, दुसऱ्या आवृत्तीत भर पडली तरीही. सोपानदेव आणि पितांबर यांचे उपकार मोठेच आहेत. पण मुलगा कवी निघाला नसता तर? लेक काशीला लिहायला शिकवलं असतं तर? आईजवळ जास्त वेळ लेकच असते, चुलीपाशी, जात्यापाशी. हा प्रश्न आम्हाला सोडत नाही.

आणखी एक. बहिणाबाईंबद्दल बोलताना 'निरक्षर असूनही' हे शब्द सगळ्यांच्या तोंडी असतात. आम्हाला ते खटकतात. त्यांना पिकाचं, जमिनीचं, गुरांचं, नात्यागोत्याचं, गावातल्या प्रत्येक माणसाच्या वागण्याचं ज्ञान होतं आणि भाषा तर अशी की शिकलेल्यांनी मान खाली घालावी. नव्हती ती फक्त अक्षरं. ती का नव्हती, हे विचारायचं सोडून आपण नवल करत बसतो.

अक्षरं हाती आली की काय होतं, ते त्याच काळात दिसायला लागलं होतं. लक्ष्मीबाई टिळकांना नवऱ्यानं, रेव्हरंड ना. वा. टिळकांनी, लग्नानंतर लिहायला-वाचायला शिकवलं. टिळकांचं 'ख्रिस्तायन' हे मोठं काव्य अर्धवट राहिलं होतं. ते १९१९ साली गेल्यावर त्यातला बहुतेक भाग लक्ष्मीबाईंनी लिहून पुरा केला. त्यांची 'स्मृतिचित्रे' मिळाली तर गटात मोठ्यानं वाचा. हसून हसून पोट दुखेल, आणि मध्येच डोळ्यांत पाणी येईल.

बेळगावच्या इंदिरा संतांची गोष्ट वेगळी. १९४० साली 'सहवास' हा त्यांचा पहिला संग्रह निघाला तो नवऱ्याबरोबर, दोघांच्या कविता एकत्र. १९४६ साली नवरा गेला. तीन मुलं, शिक्षिकेची नोकरी, आणि कविता. 'शेला' हा स्वतःच्या एकटीच्या नावाचा संग्रह आला १९५१ साली. त्याच वर्षी जळगावात बहिणाबाई गेल्या. दोघी तरुणपणी विधवा झालेल्या, दोघी मुलांना एकट्यानं वाढवणाऱ्या. एकीच्या हाती लेखणी होती, तिला पुढे साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळेपर्यंत जगायला आणि लिहायला मिळालं. दुसरीची वही मुलाच्या पेटीत.

त्या काळात नवीन कवीची वाट मासिकांतून जायची. मनोरंजन, पुढे सत्यकथा. बायांसाठी किर्लोस्करांचं 'स्त्री' मासिक १९३० साली निघालं. दलित लेखकांसाठी औरंगाबादहून गंगाधर पानतावण्यांनी 'अस्मितादर्श' चालवलं. कविता सुवाच्य अक्षरात कागदाच्या एका बाजूला लिहायची, स्वतःचा पत्ता घातलेलं आणि तिकीट लावलेलं पाकीट सोबत जोडायचं आणि टपालात टाकायचं. मग वाट बघायची. बहुतेक वेळा तेच पाकीट परत यायचं. त्याला 'साभार परत' म्हणतात. आभार मानून परत, म्हणजे नाहीच! मोठमोठ्या कवींनी हे 'साभार परत' झेललं आहे. पण गावातल्या बाईची अडचण निराळी. पाकीट पोस्टमनच्या हातातून आधी सासऱ्याच्या हातात जाणार. कुणाला पत्र लिहिलं, कशाला लिहिलं, आणि आता परत का आलं. पुरुष कवीचं पाकीट परत आलं तर एक कविता नाकारली जाई, हिच्या घरी सगळा बोभाटा होई.

मानाच्या जागा कशा मिळाल्या, तेही एका आकड्यात सांगतो. मराठी ग्रंथकारांचं पहिलं संमेलन १८७८ साली पुण्यात झालं. १८८५च्या सभेचं बोलावणं आलं तेव्हा, तुमच्या ग्रंथांत आमच्या शूद्रादि अतिशूद्रांच्या दुःखाला जागा कुठे आहे, अशा अर्थाचं पत्र लिहून जोतीराव फुल्यांनी नकार दिला. संमेलनाला पहिली स्त्री अध्यक्ष मिळाली ती १९६१ साली ग्वाल्हेरला, कुसुमावती देशपांडे. मग दुर्गा भागवत, आळंदीला १९९६ साली शांता शेळके, पुढे विजया राजाध्यक्ष, अरुणा ढेरे. २०२५ साली दिल्लीला अठ्ठ्याण्णवावं संमेलन झालं, त्याच्या अध्यक्ष होत्या तारा भवाळकर, म्हणजे सहाव्या. आणि त्यांनी उभा जन्म कशाचा अभ्यास केला? आपल्या ओव्यांचा, लोकगीतांचा, बायांच्या तोंडच्या कहाण्यांचा. जात्यावरची ओवी दिल्लीच्या मांडवात पोचली ती अशी.

आता आपल्या दारात काय चाललंय ते बोलू. आज पाकीट लागत नाही. मोबाईलवर कविता टाकली की क्षणात शंभर जणी वाचतात. पण खालचं नाव गळून पडायलाही तेवढाच वेळ लागतो. कुणीतरी पुढे पाठवताना नाव पुसतं, कुणी आपलं घालतं. आमच्या माहितीतल्या एका ताईंची मुलीवरची कविता फिरत फिरत त्यांच्याच मोबाईलवर आली, तर खाली एका अनोळखी माणसाचं नाव! नाममुद्रेची जुनी रीत आठवते ती अशा वेळी. काही जणी आता शेवटच्या ओळीत आपलं नाव बसवायला लागल्यात. आम्हाला ते फार आवडलं.

पुस्तक काढायचं म्हणणाऱ्यांसाठी चार गोष्टी. कवितेवरचा हक्क ती लिहिल्या क्षणापासून कवीचा असतो; १९५७च्या कायद्यानं तो हयातभर आणि त्यानंतर साठ वर्षं वारसांकडे राहतो, आणि त्यासाठी नोंदणी केलीच पाहिजे असं नाही. पण आपलीच आहे हे दाखवता यावं म्हणून वहीत प्रत्येक कवितेखाली तारीख घाला. 'तुमचं पुस्तक आम्ही काढतो, एवढे पैसे भरा' म्हणणारे बरेच भेटतात. आमच्या भागातल्या एकीनं बचतीचे पैसे भरले, पुस्तकांचे गठ्ठे घरी आले, आणि त्यानंतर त्या माणसानं फोन उचलला नाही. पुस्तकं अजून कोठीघरात आहेत, ज्वारीच्या पोत्याशेजारी. स्वतःच्या पैशानं पुस्तक छापण्यात काहीच कमीपणा नाही. पण प्रती किती, त्या विकणार कोण, हक्क कुणाच्या नावावर, हे कागदावर घेतल्याशिवाय एक रुपया देऊ नका. गटाचं कर्ज घेताना आपण कागद वाचतो ना, तसंच. नवीन लेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, तिची चौकशी आधी करा.

आणि पुस्तकाच्या आधी ऐकवा. गटाच्या बैठकीत हप्ते घेऊन झाले की दहा मिनिटं ठेवा. पहिल्यांदा वाचणारीचा आवाज कापतो, कुणीतरी खुदकन हसतं, मग दुसरी म्हणते, मलापण एक सुचलंय. तिथं कळतं की कुठली ओळ ऐकणारीला लागली आणि कुठली नुसतीच यमकापुरती होती. साहित्य संमेलनातला कविकट्टा त्याच्या पुढचा. तिथं आपल्या बोलीतली कविता वाचायला लाजू नका. लेवा बोलीत म्हटलेली गाणी शाळेच्या पुस्तकात गेली, हे आत्ताच ऐकलंत.

आमच्या केंद्रात दर बुधवारी दुपारी दोन ते चार कविता, ओव्या, पाळणे, भुलाबाईची गाणी लिहून घ्यायचं काम चालतं. ज्यांना लिहिता येतं त्यांनी वही आणावी. ज्यांना येत नाही त्यांनी नुसतं यावं. आमच्यातली एक जण लिहील, आणि लिहिलेलं तुम्हाला मोठ्यानं वाचून दाखवील, म्हणजे तुमचा शब्द बदललेला नाही याची तुम्ही खात्री करू शकाल. येताना शाळेत जाणारी नात बरोबर असली तर आणखी चांगलं, लिहायला तिलाच बसवू. खाली नाव, गाव आणि तारीख घालू. नाव कुठलं घालायचं, माहेरचं की सासरचं की नुसतंच आपलं, ते जिचं तिनं सांगायचं.